जुन्या बोटीखालचा ट्रान्सड्यूसर ओळखायचा कसा? नवा फिशफाइंडर घेण्याआधी मदत हवी आहे

दारणाकाठ:

नमस्कार मंडळी. आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेने कोकण किनाऱ्यावरून एक जुनी फायबरग्लासची बोट विकत घेतली असून ती आता इगतपुरी तालुक्यात दारणा जलाशयावर वापरात आहे. बोटीवर पूर्वीच्या मालकाने बसवलेला फिशफाइंडर, म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र, होता. त्याचा पडदा पूर्ण काळा पडला आहे, आणि आतले सर्किट गंजल्यामुळे तो दुरुस्त होणार नाही, असे नाशिकमधल्या दोन जाणकारांनी पाहून सांगितले आहे. त्यामुळे नवा फिशफाइंडर घ्यायचे संस्थेने ठरवले आहे.

आमची गरज मोठी नाही, पण ती खरी आहे. जलाशयाच्या तळाशी बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, त्यांत जाळी अडकून फाटतात. शिवाय जायकवाडीसाठी पाणी सोडले की पातळी झपाट्याने उतरते, आणि मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांखाली किती पाणी उरले आहे हे बांबू टाकून मोजत बसावे लागते. कटला आणि रोहूचे थवे जुन्या नदीपात्राच्या खोलगट पट्ट्यात थांबतात, तो पट्टा नेमका कुठून जातो हेही आम्हाला पाहायचे आहे. आम्ही जिथे काम करतो तिथे पंधरा-वीस मीटरपेक्षा जास्त खोली क्वचितच लागते.

अडचण ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाची आहे. बोटीच्या तळाला, मधल्या कण्यापासून थोडी उजवीकडे, तळहाताएवढी गोल ब्राँझची चकती बसवलेली आहे आणि तिची केबल फळ्यांखालून सुकाणूच्या खोक्यापर्यंत आलेली आहे. एक विक्रेता म्हणतो की कोणताही नवा फिशफाइंडर घ्या, जुना ट्रान्सड्यूसर त्याला जोडून देऊ. दुसरा म्हणतो की जुना काढून फेका, नव्या संचासोबत येतो तोच बसवा. पैसा संस्थेच्या सभासदांचा आहे आणि खर्चाला सभेची मंजुरी लागते, म्हणून खरेदीपूर्वी नीट समजून घ्यायचे आहे. ही चकती नेमकी कोणती आहे हे कसे ओळखावे?

सांधेजोड:

तुम्ही खरेदीआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. बहुतेक जण आधी मोठ्या पडद्याचा फिशफाइंडर घेतात आणि मग बोटीखाली काय आहे ते शोधायला लागतात. क्रम नेमका उलटा हवा. पडदा फक्त चित्र दाखवतो, पण पाण्यात ध्वनी सोडणे आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपणे हे सगळे काम ट्रान्सड्यूसरमधली सिरॅमिकची चकती करते. ती कोणत्या वारंवारतेवर कंप पावते, किती वॅट सहन करते आणि तिचा झोत किती रुंद आहे, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की कोणता पडदा घ्यायचा हा प्रश्न निम्मा सुटतो.

सुरुवात केबलपासून करा. कनेक्टरच्या टोकापासून हात-दोन हात अंतरावर केबलला गुंडाळलेले एक लेबल असते. त्यावर उत्पादकाचा भाग क्रमांक, निर्मितीची तारीख आणि किलोहर्ट्झमधली वारंवारता छापलेली असते. एअरमार ही अमेरिकेतली कंपनी अनेक नामांकित फिशफाइंडर कंपन्यांसाठी ट्रान्सड्यूसर बनवते. तिच्या बसवणुकीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर हा मजकूर उतरवून ठेवण्यासाठी रिकाम्या ओळी दिलेल्या असतात, कारण बोट वापरात आल्यावर लेबल पुसट होते हे त्यांना ठाऊक असते. तुमच्या पूर्वीच्या मालकाकडे ती पुस्तिका असेल तर आधी तीच मागवा.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. काळ्या पडलेल्या पडद्यावर कोणत्याही कंपनीचे नाव असले तरी खालचा ट्रान्सड्यूसर त्याच कंपनीचा असेल असे नाही. पडद्याच्या नावावरून अंदाज बांधू नका. मात्र तो पडदा फेकूही नका. त्याच्या मागच्या बाजूला मॉडेल क्रमांक असेल, तर त्या मॉडेलला कोणकोणते ट्रान्सड्यूसर चालत होते याची यादी मिळते आणि शोधाचे क्षेत्र लहान होते.

आणि एक कळकळीची विनंती. कोणीही सांगितले तरी केबल कापू नका आणि कनेक्टर तोडू नका. प्रतिध्वनीचे संकेत अत्यंत क्षीण असतात. केबलभोवतीची जाळी म्हणजे शील्ड अखंड असेल तरच ते इंजिनाच्या विद्युत गोंगाटातून सुखरूप वर पोहोचतात. एकदा मधे सांधा आला की पडद्यावर रेघोट्या दिसू लागतात आणि मग त्यांचे मूळ सापडत नाही.

दारणाकाठ:

आभारी आहे. आज पाहिले. कनेक्टर गोल असून त्यात सात पिना आहेत, दोन पिनांवर हिरवट गंज आहे. लेबल सापडले, पण ते पांढरे पडले आहे आणि नुसत्या डोळ्यांना अक्षरे जवळजवळ दिसत नाहीत. जुन्या पडद्यामागचा कागदही निघून गेलेला आहे. पूर्वीच्या मालकाला फोन केला, परंतु बोट त्यांच्याकडे आली तेव्हा ट्रान्सड्यूसर आधीच बसवलेला होता, असे ते म्हणाले.

गिरणाकाठ:

लेबल पुसू नका. खोबरेल तेल, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नका, उरलेली शाई तेवढ्यानेच जाते. ओल्या मऊ कापडाने फक्त धूळ टिपा आणि अंधार पडल्यावर विजेरी लेबलच्या जवळजवळ समांतर धरून तिरपा उजेड टाका. ठशाने उमटवलेले अंक असतील तर त्यांच्या सावल्या पडतात. मोबाइलने अगदी जवळून, केबल थोडी थोडी फिरवत फोटो घ्या आणि ते फोटो कृष्णधवल करून काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवून पाहा. नांदगावकडच्या आमच्या बोटीचे लेबल असेच वाचता आले होते.

सांधेजोड:

वरचा सल्ला अगदी योग्य आहे. दरम्यान पिनांबद्दल सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो. पिनांची संख्या जुळली म्हणजे जोडणी जुळली असे अजिबात नसते. लोरन्सचा निळा सात पिनांचा कनेक्टर निराळा आणि नंतरचा काळा नऊ पिनांचा निराळा. गार्मिनमध्ये चार, आठ आणि बारा पिनांचे प्रकार आहेत. हमिनबर्डमध्ये सात आणि चौदा, फुरुनोमध्ये दहा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सात-सात पिनांमध्ये ध्वनीची जोडी, तापमानाची जोडी आणि शील्ड या वेगवेगळ्या पिनांवर आलेल्या असू शकतात. खाचा जुळल्या म्हणून जबरदस्तीने कनेक्टर आत ढकलला, तर प्रेषकाचा उच्च व्होल्टेज तापमान-संवेदकाच्या तारेवर जाऊन तो कायमचा निकामी होऊ शकतो.

आता तुमच्या चकतीबद्दल. चकती ब्राँझची आहे आणि बोट फायबरग्लासची आहे, म्हणजे जोडी बरोबर आहे. फायबरग्लास आणि लाकूड यांना ब्राँझ चालते. ॲल्युमिनियमच्या तळात ब्राँझ कधीही बसवू नये, पाण्यात दोन्ही धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तिथे स्टेनलेस स्टील किंवा प्लास्टिक लागते. लाकडी बोटीत प्लास्टिक टाळतात, कारण लाकूड पाणी पिऊन फुगते आणि प्लास्टिकचे आवरण तडकू शकते. ही माहिती इथे वाचणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहिली.

पुढच्या वेळी बोट काठावर असेल तेव्हा तीन गोष्टी पाहा. चकती तळाशी सपाट बसलेली आहे की तिच्याखाली उतार भरून काढणारा ठोकळा आहे? बोटीच्या आतून, नटच्या वरच्या बाजूला एखादा बाण कोरलेला आहे का? तळाला उतार असलेल्या बोटींसाठी आतली सिरॅमिक चकतीच बारा किंवा वीस अंशांनी कलती ठेवलेले ट्रान्सड्यूसर येतात, म्हणजे ठोकळ्याशिवायही झोत सरळ खाली जातो. त्यांवर बाण असतो आणि तो कण्याकडे रोखलेला असावा लागतो. तिसरे म्हणजे चकतीच्या मधे किंवा शेजारी लहान पंख्याचे चाक आहे का? असेल तर तो वेगही मोजणारा प्रकार आहे आणि त्याच्या केबलमध्ये जास्त तारा असतील.

दारणाकाठ:

सध्या पाणी बरेच उतरलेले असल्यामुळे बोट काठावर ओढून घेता आली. तळाला उतार फारसा नाही, जवळजवळ सपाट आहे. चकतीखाली ठोकळा नाही, बाण नाही आणि चाकही नाही. चकतीवर समुद्रातल्या शिंपल्यांचे पांढरे कडे अजून घट्ट चिकटलेले आहेत आणि त्यावर इथल्या पाण्याचे हिरवे शेवाळ आहे.

लेबलचे फोटो तिरप्या उजेडात घेतले. भाग क्रमांकाचे पहिले आकडे गेलेले आहेत, मात्र खालच्या ओळीत "५०/२००" स्पष्ट दिसते आणि तिच्याखाली "६००" असा आकडा वाचता येतो. मॉडेलच्या जागी इंग्रजी "बी" हे अक्षर आहे, पुढचे काही वाचता येत नाही.

सांधेजोड:

एवढे पुष्कळ आहे. ५०/२०० म्हणजे दुहेरी वारंवारतेचा, ५० आणि २०० किलोहर्ट्झचा. ६०० म्हणजे ६०० वॅट. एअरमारच्या क्रमांकांत "बी" हे अक्षर सहसा ब्राँझच्या आवरणासाठी आणि "पी" हे प्लास्टिकसाठी येते. पी६६ हा ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर बसणारा, पी७९ हा तळाच्या आतून चिकटवायचा आणि बी११७ हा तळातून आरपार जाणारा कमी उंचीचा ब्राँझ प्रकार. तुम्ही सांगितलेले वर्णन या शेवटच्या प्रकाराशी जुळते. तरीही केवळ वर्णनावर विसंबू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन पुढची तपासणी करा.

प्रथम पिना नीट साफ करा. जुना मऊ टूथब्रश आणि संपर्क साफ करण्याचा इलेक्ट्रॉनिक्स दुकानात मिळणारा फवारा पुरेसा आहे, नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर तो सहज मिळेल. मग मल्टिमीटर किलोओहमवर ठेवून एकेक पिनेची जोडी तपासत जा. तापमान-संवेदक हा थर्मिस्टर असतो. एअरमारच्या ट्रान्सड्यूसरमध्ये तो २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम दाखवतो, तापमान वाढले की रोध कमी होतो आणि उतरले की वाढतो. ज्या जोडीवर असा आकडा येईल ती जोडी तापमानाची. खात्री करायची तर चकतीवर कोमट पाण्यात भिजवलेले फडके धरा. आकडा हळूहळू खाली आला पाहिजे.

ध्वनीच्या जोडीवर ओहममध्ये बहुधा काहीच येणार नाही, कारण सिरॅमिकची चकती विद्युतदृष्ट्या कपॅसिटरसारखी असते. काही प्रकारांत आत लहान ट्रान्सफॉर्मर असतो, त्यांत रोध अगदी कमी येतो. म्हणून रोध कमी आला तर लगेच "शॉर्ट झाले" असे ठरवून मोकळे होऊ नका. मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजायची सोय असेल तर त्या जोडीवर काही नॅनोफॅरॅड यायला हवेत. फक्त केबलचाच आकडा आला, म्हणजे मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरॅडच्या हिशेबाने, तर चकतीकडे जाणारी तार कुठेतरी तुटलेली आहे असे समजावे. शेवटी शील्ड आणि बाकीच्या तारांमध्ये गळती नाही ना, तेही पाहा. पाणी शिरलेल्या केबलमध्ये तिथे अस्थिर, सतत सरकणारे आकडे दिसतात.

तारांच्या रंगांबद्दल मुद्दाम काही सांगत नाही. एकाच उत्पादकाच्या केबलमध्ये सहसा ठराविक रंग येतात, परंतु मधे कोणी कनेक्टर बदललेला असेल तर रंगांवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. मोजलेला आकडा खरा मानावा.

आणि शिंपल्यांचे कडे काढताना पटाशी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. साबणाच्या पाण्याने भिजवा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, आणि तरीही थर राहिला तर बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने ओले असतानाच हलक्या हाताने घासा. ॲसिटोन किंवा थिनर लावू नका, आतल्या इपॉक्सीच्या तोंडाला ते अपाय करते.

दारणाकाठ:

सगळे सांगितल्याप्रमाणे केले. सकाळी, पाण्यातून नुकत्याच काढलेल्या बोटीवर, एका जोडीवर साडेबारा किलोओहमच्या आसपास आकडा आला. चकतीवर कोमट फडके धरल्यावर तो आधी थोडा वेळ तसाच राहिला, मग १२, ११, १० असा हळूहळू उतरत गेला आणि फडके काढल्यावर परत चढू लागला. दुसऱ्या एका जोडीवर ओहममध्ये काही नाही, कपॅसिटन्सवर अडीच नॅनोफॅरॅडपेक्षा थोडा जास्त आकडा स्थिर राहिला. शील्डशी गळती कुठेही नाही. उरलेल्या पिनांना काही जोडलेले दिसत नाही.

सांधेजोड:

साडेबारा किलोओहम म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस, तुमच्या सकाळच्या पाण्याला ते शोभेसे आहे. तुमचा ट्रान्सड्यूसर खोली आणि तापमान मोजणारा, ५०/२०० किलोहर्ट्झचा, ६०० वॅटचा, तळातून आरपार जाणारा ब्राँझ प्रकार आहे आणि विद्युतदृष्ट्या शाबूत आहे. चकती प्रत्यक्ष आवाज काढते की नाही ते पाण्यातच कळेल. फिशफाइंडर जोडल्यावर पाणी शांत असताना तळाला कान लावला तर बारीक टिक्-टिक् ऐकू येते. मात्र बोट काठावर असताना तो जास्त वेळ चालू ठेवू नका, पाण्याबाहेर सिरॅमिक चकती तापते.

खोलीमापक:

ओळख पटली हे उत्तम झाले. आता ही ओळख तुमच्या कामाच्या दृष्टीने काय सांगते, याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो. जलाशयांचे गाळ-सर्वेक्षण हा माझ्या नोकरीचा भाग होता, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

गोड्या पाण्यात २० अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर असतो. २०० किलोहर्ट्झला त्याची तरंगलांबी ७.४ मिलिमीटर येते आणि ५० किलोहर्ट्झला जवळजवळ तीन सेंटिमीटर. कमी वारंवारता पाण्यात कमी शोषली जाते, म्हणून ती खोल समुद्रासाठी उपयोगी आहे. तुमच्या पंधरा-वीस मीटरच्या पाण्यात ती ताकद लागतच नाही. उलट तिचा झोत तुम्हाला अडचणीचा ठरेल. या प्रकारच्या ट्रान्सड्यूसरमध्ये एकच सिरॅमिक चकती दोन्ही वारंवारतांवर कंप पावते. त्यामुळे ५० किलोहर्ट्झचा झोत सुमारे ४५ अंशांचा रुंद आणि २०० किलोहर्ट्झचा सुमारे १२ अंशांचा अरुंद येतो. १५ मीटर खोलीवर ४५ अंशांच्या झोताचे तळावरचे वर्तुळ बारा मीटरहून रुंद होते, १२ अंशांच्या झोताचे सुमारे तीन मीटर.

हा फरक कागदावरचा नाही. पडद्यावर दिसणारी खोली म्हणजे झोतात येणारी सगळ्यात जवळची, म्हणजे बहुधा सगळ्यात उथळ जागा असते. दारणेचा काठ उताराचा आहे आणि जुने नदीपात्र दोन्ही बाजूंनी कड असलेले. बारा मीटर रुंद वर्तुळात ती कड येतेच, मग पात्र जिथे कडेपेक्षा पाच मीटर खोल आहे तिथेही पडदा कडेची खोली दाखवतो आणि पात्र चित्रात भरून गेल्यासारखे दिसते. अरुंद झोतात ते पात्र खळगा म्हणून स्पष्ट उमटते. तुम्ही हा ट्रान्सड्यूसर कायम २०० किलोहर्ट्झवरच वापरा. नदीपात्राचा माग काढायला आणि पिंजऱ्यांखालची खोली पाहायला तो पुरेसा आहे आणि चांगलाही आहे.

बुडालेल्या बुंध्यांसाठी मात्र तो अपुरा पडेल. २०० किलोहर्ट्झच्या गोल झोतात बुंधा आणि त्याभोवती जमलेले मासे एकाच गोळ्यात मिसळतात. फांद्यांचा आकार दिसण्यासाठी ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झचा, पुढेमागे अगदी पातळ आणि आडवा रुंद असा पंख्यासारखा झोत लागतो. तळाची आणि बाजूची प्रतिमा दाखवणारे फिशफाइंडर तोच वापरतात. तो झोत वेगळ्या आकाराच्या सिरॅमिक पट्टीतून येतो. कोणत्याही सेटिंगने तुमच्या गोल चकतीतून तो निघणार नाही, आणि विक्रेत्याने तसे सांगितले तर ते मान्य करू नका.

चर्पबद्दलही तेच. चर्पमध्ये एका स्पंदात वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढवत नेली जाते आणि परत आलेल्या संकेताची त्या पूर्ण पट्ट्याशी तुलना करतात. जुन्या पद्धतीत एक दशसहस्रांश सेकंदाचा स्पंद घेतला तर एकाखाली एक असलेले दोन मासे सुमारे साडेसात सेंटिमीटरपेक्षा जवळ असले की एकच दिसतात. ८० किलोहर्ट्झ रुंदीच्या चर्पमध्ये हेच अंतर सिद्धान्ततः एक सेंटिमीटरच्या आत येते. परंतु त्यासाठी चकती त्या संपूर्ण पट्ट्यात सारख्या जोमाने कंप पावली पाहिजे. तुमची चकती ५० आणि २०० च्या आसपासच खुलते. चर्पचा फिशफाइंडर तिला जोडता येईल, पण तो तिच्याकडून जुन्या पद्धतीचेच काम करून घेईल.

गिरणाकाठ:

मग जुना ठेवून त्याला जुळणारा साधा फिशफाइंडर घ्यावा, की नवा प्रतिमा दाखवणारा संच त्याच्या स्वतःच्या ट्रान्सड्यूसरसह घ्यावा? आमच्याही संस्थेत हाच वाद चालू आहे.

सांधेजोड:

माझे मत स्पष्ट आहे. गरज फक्त खोलीची असती तर जुन्याला जुळणारा साधा संच आणि योग्य ॲडॉप्टर एवढ्यावर काम भागले असते. दारणाकाठ यांना बुंधे पाहायचे आहेत, म्हणून प्रतिमा दाखवणारा संच त्याच्या ट्रान्समवर बसणाऱ्या ट्रान्सड्यूसरसह घ्यावा, आणि जुना ब्राँझचा आहे तिथेच ठेवावा.

जुना जोडायचाच असेल तर पडद्याच्या माहितीपत्रकात ५०/२०० किलोहर्ट्झ आणि ६०० वॅट यांचा उल्लेख आहे का ते पाहा. पडद्याची प्रेषणशक्ती ट्रान्सड्यूसरपेक्षा कमी असली तर चालते, फार जास्त असली तर चकतीला धोका आहे. ॲडॉप्टर त्या दोन विशिष्ट कनेक्टरांसाठी बनवलेलाच घ्या आणि लावण्याआधी मल्टिमीटरने त्याच्या एका टोकाची पिन दुसऱ्या टोकाला कुठे निघते ते तपासा. नव्या ट्रान्सड्यूसरमध्ये ओळख सांगणारी एक चिप असते, ती पडद्याला स्वतःची माहिती आपोआप देते. तुमच्यात ती नसेल तर मेनूत जाऊन ट्रान्सड्यूसरचा प्रकार हाताने निवडावा लागतो. शिवाय पाण्याचा प्रकार "गोडे" असा निवडा. समुद्राच्या खारट पाण्यात ध्वनी थोडा अधिक वेगाने जातो, आणि सेटिंग चुकीचे राहिले तर पंधरा मीटरला अर्ध्या मीटरच्या आसपास फरक पडू शकतो.

दुकानात पडदा दाखवतील तेव्हा आणखी एक काळजी घ्या. बहुतेक फिशफाइंडरमध्ये प्रात्यक्षिकाची सोय असते आणि तीत सुंदर मासे, सुंदर तळ दिसतो. ते चित्र तुमच्या ट्रान्सड्यूसरबद्दल काहीही सांगत नाही. खात्री फक्त पाण्यात पटते.

दारणाकाठ:

जुना काढून त्याच छिद्रात नवा बसवण्याबद्दल आमच्या एका सभासदाचा आग्रह आहे. तसे करावे का?

सातपूर_लेथ:

माझा सातपूर औद्योगिक वसाहतीत लहान कारखाना आहे आणि बोटींचे ब्रॅकेट अधूनमधून करून देतो. कृपया ते छिद्र उघडू नका. आरपार बसवलेली चकती वर्षानुवर्षे सीलंटमध्ये धरून राहिलेली असते, नट फिरवताना तळाच्या फायबरग्लासच्या थरांत चिरा जाण्याची शक्यता असते आणि गळती पाण्यात उतरल्यावरच कळते. चकती गळत नसेल तर तिला हात न लावणे हेच शहाणपण.

नवा ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर लावताना थेट बोटीला भोके पाडू नका. आधी जाड, पाणी न पिणारी एचडीपीई या टणक प्लास्टिकची पट्टी फळीला कायमची बसवा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर लावा. मग उंची पुन्हा बदलायची झाली तर बोटीला नवे छिद्र पडत नाही. एकच इंजिन असेल तर उजव्या बाजूची जागा निवडा, पंख्याच्या फिरण्याच्या वर्तुळापासून किमान ७५ मिलिमीटर दूर, आणि तळाला असलेल्या उभ्या रेघांच्या किंवा जोडांच्या मागे येणार नाही अशी. त्यांच्यामागून हवेचे बुडबुडे निघतात आणि बुडबुड्यांपुढे ट्रान्सड्यूसर आंधळा होतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि भोकात मरीन सीलंट, एवढे पाळले तर पट्टी टिकते. मापे पाठवलीत तर पट्टी कापून देईन.

दारणाकाठ:

खूप खूप आभार. सभेपुढे मांडायचा प्रस्ताव आता असा ठरला आहे की जुना ब्राँझचा ट्रान्सड्यूसर जागेवर ठेवायचा, मागच्या फळीवर नवा प्रतिमा दाखवणारा बसवायचा, आणि पडदा असा निवडायचा की गरज पडल्यास दोन्ही वापरता येतील. एक शंका उरली आहे. दोन्ही एकाच वेळी चालवले तर एकमेकांत व्यत्यय येईल का?

खोलीमापक:

दोन्ही २०० किलोहर्ट्झवर एकाच वेळी चालवले तर येईल. एकाचा प्रतिध्वनी दुसरा टिपतो आणि पडद्यावर ठरावीक अंतराने तिरप्या रेघा उमटतात. एक २०० वर आणि दुसरा ४५५ किंवा ८०० वर ठेवा, तेवढे अंतर पुरते. दोन केबल बांधताना मात्र त्या इंजिनाच्या तारांपासून दूर, वेगवेगळ्या वाटेने न्या आणि उरलेली लांबी घट्ट गुंडाळून ठेवू नका, सैल आठ आकड्याच्या वळणात बांधा.

सांधेजोड:

दरपत्रक मागवताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. पडद्याच्या ट्रान्सड्यूसर-पिनांची आकृती, ॲडॉप्टरचा भाग क्रमांक, आणि "५०/२०० किलोहर्ट्झ, ६०० वॅट, १० किलोओहम थर्मिस्टर असलेल्या ट्रान्सड्यूसरवर खोली व तापमान दोन्ही न दिसल्यास माल परत घेऊ" असे एक वाक्य. ज्याला आपला माल माहीत आहे त्याला हे लिहून द्यायला वेळ लागत नाही. लेबलचे फोटो आणि मल्टिमीटरचे आकडे संस्थेच्या नोंदवहीत बोटीच्या पानावर चिकटवून ठेवा, पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तेच कामी येतील.

दारणाकाठ:

नोंदवहीत आजच चिकटवतो. पट्टीची मापे उद्या सातपूरला पाठवतो आणि दरपत्रके आली की इथेच टाकतो, तेव्हा पिनांची आकृती आपण सर्वांनी एकदा पाहून द्यावी ही विनंती.